जेबीएल नावाचा माणूस

ट्रेकच्या सॅकला लटकवलेला, हॉस्टेलच्या खिडकीत ठेवलेला, गच्चीवरच्या बर्थडेला मधोमध मांडलेला तो छोटा लांबुळका स्पीकर आठवा. त्यावर तीन इंग्रजी अक्षरं आणि शेजारी एक उद्गारचिन्ह. जेबीएल. हेडफोनवर तेच, कारमध्ये तेच, कितीतरी थिएटरांमध्ये पडद्यामागेही तेच. एवढं रोज बघूनही ही अक्षरं कशाची, हे आपण सहसा विचारत नाही. असेल कुठल्यातरी टेक्निकल शब्दाचा शॉर्टफॉर्म, असं समजून प्ले दाबतो.

तर तो एका माणसाच्या नावाचा शॉर्टफॉर्म आहे. जेम्स बी. लान्सिंग. अमेरिकन. इंजिनीअरिंगची डिग्री नाही, कॉलेजशी फारसा संबंध नाही, हाताला मात्र घड्याळजीची सफाई. सिनेमा बोलायला लागला त्या काळात थिएटरमधला आवाज सुधारण्यात या माणसाचा मोठा वाटा होता. नंतर तोच आवाज घरातल्या दिवाणखान्यात आणण्यासाठी त्यांनी सगळं पणाला लावलं. ४७ व्या वर्षी ते गेले तेव्हा त्यांची कंपनी कर्जात होती आणि त्यांचं नाव ध्वनिक्षेत्राबाहेर फारसं कुणाला माहीत नव्हतं. आज ते नाव जगभर आहे. मधल्या काळात काय झालं, त्याची ही गोष्ट.

मार्टिनींचा जिम

१४ जानेवारी १९०२ रोजी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात हेन्री आणि ग्रेस मार्टिनी यांच्या मोठ्या कुटुंबात एक मुलगा जन्मला. नाव ठेवलं जेम्स. म्हणजे आपल्या कथेतल्या लान्सिंगचं आडनाव जन्मापासून लान्सिंग नव्हतंच. वडील कोळसा खाणींच्या कामात, घरात भावंडांची गर्दी. शाळा जेमतेम झाली, पुढे बिझनेस कॉलेजमध्ये थोडेफार कोर्स, एवढंच काय ते शिक्षण.

पण पोराचे हात स्वस्थ नसायचे. लहान असतानाच त्याने वीज साठवणारी काचेची बरणी, ज्याला लेडन जार म्हणतात, ती बनवली आणि मित्रांना शॉक देऊन त्यांची मजा घेतली. मग रेडिओचं वेड लागलं. त्या काळात रेडिओ दुकानात तयार मिळण्याची वस्तू नव्हती. तार गुंडाळायची, जोडायची, कान लावून बसायचं, असला तो उद्योग. जिमने स्वतःचा छोटा ट्रान्समीटरही जुळवला होता.

मोठा झाल्यावर तो मोटार मेकॅनिक झाला. त्यातही इंजिनाचं बारीक काम ही त्याची खासियत. ही गोष्ट साधी वाटते, पण पुढच्या सगळ्याची तयारी इथे झाली. इंजिनात पिस्टन आणि सिलिंडरमधली फट किती असावी याला किंमत असते. जरा जास्त झाली तर ताकद जाते, जरा कमी झाली तर इंजिन जाम होतं. लाउडस्पीकरच्या पोटातही नेमकी अशीच एक फट असते. त्या फटीकडे जाऊच.

१९२४ मध्ये आई गेली आणि जिमने घर सोडलं. तो पश्चिमेकडे सॉल्ट लेक सिटीला पोचला. तिथे रेडिओ स्टेशनवर काम मिळालं, ग्लेना पीटरसन भेटली, लग्न झालं. आणि तिथेच भेटला केन डेकर. डेकर व्यवहारातला माणूस. एकाला वस्तू बनवता यायची, दुसऱ्याला ती विकता यायची, हिशेब ठेवता यायचा. दोघांनी लॉस एंजेलिस गाठलं आणि ९ मार्च १९२७ रोजी लान्सिंग मॅन्युफॅक्चरिंग कंपनीची रीतसर नोंदणी झाली. त्याच सुमारास जेम्स मार्टिनीने कायदेशीररीत्या नाव बदललं आणि तो जेम्स बुलो लान्सिंग झाला. वय होतं २५. म्हणजे आपल्यातले बरेच जण ज्या वयात पहिल्या नोकरीच्या शोधात असतात, त्या वयात या माणसाकडे नवं आडनाव आणि त्या आडनावाची कंपनी, दोन्ही होतं.

स्पीकरच्या पोटात काय असतं?

पुढे जाण्याआधी दोन मिनिटं स्पीकर उघडून बघू. लान्सिंग यांनी नक्की काय केलं हे त्याशिवाय कळत नाही.

स्पीकरमध्ये मुख्य तीन गोष्टी. एक लोहचुंबक, एक तारेचं वेटोळं म्हणजे व्हॉइस कॉइल, आणि एक पडदा, जो बहुतेक वेळा कागदाच्या लगद्याचा शंकू असतो. गाण्याचा विद्युतप्रवाह कॉइलमधून जातो, चुंबक कॉइलला पुढे-मागे ढकलतो, कॉइलला चिकटलेला शंकू हलतो, शंकू हवा हलवतो. हवा हलली की आवाज. हे तत्त्व तेव्हाही हेच होतं आणि तुमच्या खिशातल्या इअरबडमध्येही बहुधा हेच आहे.

आता ती फट. कॉइल चुंबकाच्या एका गोल खाचेत तरंगत असते, कुठेही न घासता. खाच जितकी अरुंद, तितका चुंबकाचा जोर जास्त. पण खाच अरुंद केली की तारेला जागा कमी पडते. यावर लान्सिंग यांच्या कारखान्यातलं उत्तर होतं चपटी तार. गोल तारा शेजारी शेजारी मांडल्या तर मध्ये मोकळी जागा उरते. गणित केलं तर गोल तार चौकोनी जागेतली साधारण ७८ टक्केच जागा भरते, उरलेली वाया. त्याऐवजी पट्टीसारखी चपटी तार घेतली आणि ती कडेवर उभी करून गुंडाळली, तर जवळपास सगळी जागा धातूने भरते. पत्त्यांचा कॅट उभा धरल्यावर पानं कशी एकमेकांना चिकटून उभी राहतात, तसं समजा. तेवढ्याच जागेत जास्त धातू, म्हणून तेवढ्याच विजेत जास्त आवाज.

ऐकायला सोपं आहे. पण चपटी पट्टी न वाकवता, न फाडता, कडेवर गोल गुंडाळणं महाकठीण. त्यासाठी लागणारी यंत्रंही कारखान्यातच जुळवावी लागली. भाऊ बिलही कामाला होता. आवाजाचा शास्त्रज्ञ म्हणून लान्सिंग यांचं नाव पाठ्यपुस्तकात ठळक नाही. समीकरणं इतरांनी मांडली. पण समीकरणातली वस्तू प्रत्यक्षात धातूतून आणि कागदातून उभी करणं, आणि शंभरावा नगही पहिल्यासारखाच निघेल असं बघणं, हे त्यांचं काम होतं.

सिनेमा बोलला, पण नीट नाही

सुरुवातीला कंपनी रेडिओ सेटसाठी सहा आणि आठ इंची स्पीकर बनवायची. दोन वर्षांत १९२९ ची महामंदी आली आणि धंद्याची पुरती वाट लागली. कंपनी कशीबशी तगली.

दरम्यान हॉलिवूडमध्ये वेगळाच प्रॉब्लेम होता. बोलपट आले होते, लोक तुटून पडत होते, पण थिएटरमधला आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. एमजीएम स्टुडिओच्या ध्वनिविभागाचे प्रमुख होते डग्लस शिअरर, म्हणजे अभिनेत्री नॉर्मा शिअररचे भाऊ. बाजारात मिळणाऱ्या सिस्टिमवर ते वैतागले होते. त्यांनी ठरवलं, आपणच बनवू. त्यांच्यासोबत होते इंजिनीअर जॉन हिलिअर्ड. आणि सुटे भाग बनवायला गाठलं लान्सिंग यांच्या छोट्या कंपनीला. तिथे जॉन ब्लॅकबर्न नावाचे शास्त्रज्ञही कामाला लागले.

कल्पना अशी की एकाच स्पीकरकडून सगळं करून घ्यायचं नाही. खर्जाचं, म्हणजे बेसचं काम एकाने करायचं आणि वरच्या सुरांचं काम दुसऱ्याने. बेससाठी १५ इंची मोठा शंकू, वरच्या सुरांसाठी धातूचा पातळ पडदा असलेला छोटा ड्रायव्हर, आणि दोघांपुढे कर्णे. कर्णा म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. गावच्या सप्त्यात खांबावर बांधलेला भोंगा सगळ्यांनी ऐकलाय. थोड्या विजेत खूप लांब आवाज पोचवायचा तर कर्ण्याला तोड नाही. आणि त्या काळच्या अॅम्प्लिफायरमध्ये वीज थोडीच असायची.

यात एक गंमत होती. बेसचा कर्णा खूप लांब असावा लागतो. आधीच्या काही सिस्टिममध्ये तो इतका लांब होता की बेसचा आवाज वरच्या सुरांपेक्षा काही फूट जास्त चालून यायचा आणि म्हणून किंचित उशिरा पोचायचा. गाण्यात हे पटकन कळत नाही. पण टॅप डान्समध्ये बुटाची टकटक दोनदा ऐकू आली की लगेच कळतं. शिअरर यांच्या टीमने बेसचा कर्णा आखूड केला आणि दोन्ही आवाज जवळपास एकाच वेळी प्रेक्षकापर्यंत पोचतील अशी मांडणी केली. ही सिस्टिम शिअरर हॉर्न म्हणून ओळखली जाऊ लागली आणि १९३६ या वर्षासाठीचा ऑस्कर अकादमीचा तांत्रिक पुरस्कार तिला मिळाला. पुरस्कार शिअरर आणि एमजीएमच्या ध्वनिविभागाच्या नावावर होता. त्यातले ड्रायव्हर लान्सिंग यांच्या कारखान्यातले होते.

मग लान्सिंग यांनी एक पाऊल पुढे टाकलं. थिएटरची सिस्टिम अवाढव्य. पण स्टुडिओतल्या लहान खोलीत बसून जे लोक आवाज तपासतात त्यांचं काय? १९३७ मध्ये आयकॉनिक नावाची छोटी सिस्टिम आली. तत्त्व तेच, दोन भागांत विभागलेलं काम, पण आकार खोलीत मावेल असा. हॉलमधला आवाज खोलीत आणायचा, हा त्यांच्या पुढच्या आयुष्याचा धागा इथून सुरू होतो.

डेकर गेला

१९३९ मध्ये केन डेकर विमान अपघातात गेले.

लान्सिंग यांच्या आयुष्याचे दोन भाग करायचे तर रेघ इथे मारावी लागेल. डेकर होते तोवर बँक, देणेकरी, ऑर्डर, पगार हे सगळं कुणीतरी बघत होतं. लान्सिंग मशिनजवळ उभे राहू शकत होते. डेकर गेल्यावर दोन वर्षांत कंपनीची आर्थिक घडी विस्कटली. १९४१ च्या अखेरीस अल्टेक नावाच्या कंपनीने ती विकत घेतली. अल्टेकचा मूळ धंदा थिएटरांची ध्वनियंत्रणा सांभाळण्याचा. तिला स्पीकर बनवणारा हात हवा होता, तो मिळाला. नवीन नाव झालं अल्टेक लान्सिंग. आपल्यापैकी काहींच्या घरी जुन्या कॉम्प्युटरला अल्टेक लान्सिंगचे स्पीकर होते, तेच हे नाव.

लान्सिंग तिथे इंजिनीअरिंगचे उपाध्यक्ष झाले. पाच वर्षांचा करार. खरं तर हा त्यांच्यासाठी बरा काळ होता. हिशेब दुसरे बघत होते आणि हातून एकामागून एक उत्तम काम बाहेर पडत होतं. याच काळात एक मोठा बदल झाला तो चुंबकाचा.

तोवर चांगल्या स्पीकरमधला चुंबक हा विजेवर चालणारा विद्युतचुंबक असायचा. त्यासाठी वेगळा वीजपुरवठा, वेगळी वायर, वरून उष्णता. कारण साधे कायमस्वरूपी चुंबक तेवढे ताकदवान नव्हते. मग अॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोखंड मिसळून केलेले अल्निको चुंबक आले आणि त्यातला अल्निको पाच हा प्रकार इतका जोरदार निघाला की वेगळ्या वीजपुरवठ्याची गरजच उरली नाही. स्पीकर सुटसुटीत झाला. आता तो थिएटरच्या पडद्यामागून निघून एखाद्या घरात जाऊन बसू शकत होता. लान्सिंग यांनी जुने ड्रायव्हर या नव्या चुंबकाभोवती पुन्हा बांधले. बेसचा आणि वरच्या सुरांचा ड्रायव्हर एकाच चौकटीत, एकात एक बसवलेला ६०४ हा १५ इंची स्पीकरही अल्टेकमधल्या याच काळातला. रेकॉर्डिंग स्टुडिओंमध्ये तो पुढे कित्येक दशकं भिंतीवर होता.

पण पाच वर्षं संपली आणि १९४६ मध्ये लान्सिंग यांनी नोकरी सोडली. वय ४४. पगार होता, पद होतं. तरी त्यांना पुन्हा स्वतःचं काहीतरी करायचं होतं.

नावावरून भांडण

नवीन कंपनीचं नाव ठेवलं लान्सिंग साउंड. लगेच अल्टेककडून हरकत आली. लान्सिंग हे नाव त्यांनी कंपनीसोबत विकत घेतलं होतं ना! म्हणजे माणूस लान्सिंग, आडनाव लान्सिंग, पण बाजारात ते आडनाव दुसऱ्याच्या मालकीचं. शेवटी तोडगा असा निघाला की पूर्ण नाव वापरायचं. कंपनी झाली जेम्स बी. लान्सिंग साउंड. तुमच्या स्पीकरवर तीन अक्षरं आहेत ती या वादाच्या पोटातून आलेली आहेत.

इथे त्यांनी जो स्पीकर बनवला तो डी १३०. १५ इंची शंकू, अल्निको पाच चुंबक, ओतीव धातूची चौकट आणि चार इंच व्यासाची, चपट्या पट्टीची कॉइल. एवढ्या मोठ्या व्यासाची कॉइल साध्या शंकूच्या स्पीकरमध्ये तेव्हा कुणी वापरत नव्हतं. मोठ्या कॉइलमुळे शंकूला मोठ्या घेरावर आधार मिळतो, उष्णता लवकर बाहेर जाते आणि चुंबकाची पकड घट्ट राहते. घट्ट पकड म्हणजे काय? ढोलावर टिपरू पडलं की आवाज उठला पाहिजे आणि पुढच्या ठोक्याआधी थांबलाही पाहिजे. सैल स्पीकर उठतो पण थांबत नाही, मागे गुरगुरत राहतो. डी १३० थांबायचा. शिवाय मधोमध धातूची घुमटी होती, ती वरचे सूर उजळ करायची. आणि त्या काळच्या घरगुती अॅम्प्लिफायरच्या थोड्याशा वॅटमध्येही तो खोली भरून टाकायचा.

खोली. आता त्या मुद्द्यावर येऊ.

बेस बनवते ती खोली

लाउडस्पीकर कितीही भारी असो, घरात जो बेस ऐकू येतो तो एकट्या स्पीकरचा नसतो. अर्धा स्पीकरचा आणि अर्धा खोलीचा असतो म्हटलं तरी चालेल. त्यामागचं गणित सोपं आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. ४० हर्ट्झचा खोल बेस घेतला तर त्याची एक लाट सुमारे साडेआठ मीटर, म्हणजे २८ फूट लांब. थिएटरमध्ये ती आरामात मावते. आपली खोली १० बाय १२ ची. लाट भिंतीवर आपटते, परत येते, पुन्हा आपटते आणि काही ठरावीक सुरांना खोली स्वतःच घुमायला लागते. १२ फुटांच्या लांबीला तो सूर साधारण ४७ हर्ट्झ, १० फुटांच्या रुंदीला साधारण ५६ हर्ट्झ. त्या सुरावर भिंतीजवळ बसलेल्याला दणका बसतो आणि खोलीच्या मधोमध खुर्ची टाकून बसलेल्याला बेस जवळपास गायब वाटतो. गाणं एक, स्पीकर एक, खोली एक, तरी दोघांचं मत वेगळं. दोघंही बरोबर असतात.

कोपऱ्याची गोष्ट तर आणखी वेगळी. स्पीकर कोपऱ्यात ठेवला की दोन भिंती आणि जमीन मिळून बेस पुढे रेटतात, तो वाढतो. लान्सिंग यांनी दुसरी कंपनी काढली त्याच १९४६ मध्ये आर्कान्सा राज्यातल्या होप गावात पॉल क्लिप्श यांनीही स्वतःची कंपनी काढली. त्यांच्या स्पीकरचा बेसचा कर्णा मुद्दाम अपुरा ठेवलेला असायचा, उरलेला कर्णा म्हणजे तुमच्या घरातल्या कोपऱ्याच्या दोन भिंती. खोलीलाच स्पीकरचा भाग करून टाकलं. पुढे १९५४ मध्ये, लान्सिंग यांच्यानंतर, त्यांच्या कंपनीनेही कोपऱ्यात बसणारा हार्ट्सफील्ड हा कर्ण्याचा स्पीकर आणला.

म्हणून कुणी बेस येत नाही म्हणून नवा स्पीकर घ्यायला निघाला असेल तर आधी आहे तो हलवून बघा. बेस कमी वाटतोय? भिंतीजवळ, कोपऱ्याकडे सरकवा. नुसतं घुमतंय, शब्द कळत नाहीत? कोपऱ्यातून फूटभर बाहेर काढा. स्पीकर हलवता येत नसेल तर खुर्ची हलवा. पडदे आणि गालिचे वरच्या सुरांची खणखण कमी करतात, पण खोल बेसला त्यांचा फारसा फरक पडत नाही, कारण एवढ्या लांब लाटेसमोर बोटभर जाडीचं कापड म्हणजे काहीच नाही. आजकालच्या महागड्या सिस्टिममध्ये माइक लावून खोली मोजतात आणि सॉफ्टवेअर घुमणारे सूर आपोआप खाली ओढतं. ते कामाचं आहेच. पण एखाद्या जागी बेस पूर्ण गायब होत असेल तर सॉफ्टवेअरही तिथे हात टेकतं. जागा बदलणं फुकट आहे, सुरुवात तिथून करा.

शेवटचं वर्ष

डी १३० उत्तम होता. कंपनी मात्र उत्तम नव्हती. माल चांगला, मागणी होती, पण पैशांचं गणित जुळेना. मार्क्वार्ट या विमानक्षेत्रातल्या कंपनीने काही काळ पैसा आणि जागा दिली. तिथले खजिनदार विल्यम थॉमस कंपनीच्या व्यवहारात लक्ष घालू लागले. मग १९४९ मध्ये मार्क्वार्टचीच मालकी बदलली. नव्या मालकांना स्पीकरमध्ये रस नव्हता आणि ही साथ सुटली. डोक्यावर कर्ज होतं. देणेकरी थांबायला तयार नव्हते.

सप्टेंबर १९४९ मध्ये जेम्स लान्सिंग यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. ते ४७ वर्षांचे होते. मागे पत्नी ग्लेना आणि मुलं.

एखादा माणूस असं का करतो याचं एका ओळीत उत्तर देता येत नाही, देऊही नये. कर्ज हे एक कारण दिसतं, पण माणसाच्या आत काय चाललंय ते ताळेबंदात लिहिलेलं नसतं. एवढं मात्र दिसतं की ज्या ज्या वेळी त्यांच्या शेजारी हिशेब बघणारा माणूस होता, आधी डेकर आणि नंतर अल्टेकमधली माणसं, तेव्हा त्यांच्या हातून सर्वोत्तम काम झालं. एकटे पडले तेव्हा कामात तसूभर कमीपणा आला नाही, पण बाकीचं सगळं ओझं त्याच दोन हातांवर आलं. आपल्याकडेही स्टार्टअप काढणाऱ्या, बँड चालवणाऱ्या, स्टुडिओ टाकणाऱ्या कितीतरी मुलामुलींना वाटतं की आपली कला चोख असली की झालं. लान्सिंग यांची कला चोखच होती. तरी देणी होती. पैशांबद्दल बोलायला, मदत मागायला लाज वाटणं ही गोष्ट १९४९ मध्येही माणसाला एकटं पाडत असेल आणि आजही पाडते.

नंतर

कंपनी बुडेल असं वाटत होतं. विल्यम थॉमस यांनी ती हातात घेतली आणि उभी केली. म्हणजे हिशेब बघणारा माणूस शेवटी मिळाला, पण वर्कशॉप रिकामं झाल्यावर. लान्सिंग यांनी बनवलेले ड्रायव्हर पुढे वर्षानुवर्षं विकले गेले. पन्नाशीच्या दशकात आडनावाचा वाद पुन्हा नको म्हणून मालावर फक्त तीन अक्षरं छापायला सुरुवात झाली.

डी १३० घरासाठी बनला होता. पण साठच्या दशकात गिटारवाल्यांनी तो पळवला. फेंडरच्या मोठ्या गिटार अॅम्प्लिफायरमध्ये त्याचाच एक प्रकार बसायला लागला, कारण जोरात वाजवलं तरी तो फाटत नव्हता. १९६९ च्या वुडस्टॉक महोत्सवात अफाट गर्दीपर्यंत संगीत पोचवणाऱ्या यंत्रणेतही जेबीएलचे ड्रायव्हर होते. त्याच वर्षी सिडनी हार्मन यांनी कंपनी विकत घेतली. १९७० मध्ये आलेला एल १०० हा फोमच्या जाळीचा घरगुती स्पीकर तुफान खपला. तो स्टुडिओत वापरल्या जाणाऱ्या मॉनिटरचा घरगुती भाऊ होता. आयकॉनिकच्या वेळी सुरू झालेला प्रवास, मोठ्या जागेतला आवाज लहान खोलीत आणायचा, तो असा पुढे चालू राहिला.

मालमसाला बदलत गेला. सत्तरच्या दशकाच्या शेवटी आफ्रिकेतल्या झैरेमध्ये संघर्ष पेटला, कोबाल्टचा पुरवठा आटला, भाव भडकले आणि स्पीकरवाल्यांना अल्निको सोडून स्वस्त फेराइट चुंबकाकडे वळावं लागलं. आज ब्लूटूथ स्पीकरमध्ये नखाएवढा निओडिमियमचा चुंबक तेवढंच काम करतो. २०१७ मध्ये हार्मन कंपनी सॅमसंगने घेतली. मालक बदलले, देश बदलला, चुंबक बदलला. चुंबकाच्या खाचेत न घासता हलणारी कॉइल मात्र अजून तीच आहे.

आणि नाव. अल्टेकने हरकत घेतली नसती तर कंपनी लान्सिंग साउंड म्हणूनच राहिली असती आणि स्पीकरवर नुसतं आडनाव आलं असतं. तेही त्यांनी २५ व्या वर्षी स्वतः निवडलेलं. त्याऐवजी आली ती आद्याक्षरं. पुढच्या वेळी कुणी विचारलं की जेबीएल म्हणजे काय, तर सांगा, जे म्हणजे जेम्स. इलिनॉयचा मेकॅनिक होता. चपटी तार कडेवर गुंडाळायचा.

(मनावर ताण असेल, एकटं वाटत असेल, तर जवळच्या माणसाशी बोला. केंद्र सरकारची टेली मानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र सुरू असते.)